पाहुण्यांची खुर्ची

वर्गात आल्या आल्या सर खिशातून रुमाल काढायचे, एकदा झटकायचे आणि टेबलामागची लाकडी खुर्ची पुसायला घ्यायचे. आधी बैठक, मग पाठ, मग दोन्ही हात. इतकं मन लावून की बघणाऱ्याला वाटावं, आता हा माणूस ऐसपैस बसणार. पण सर बसायचे नाहीत. रुमाल खिशात ठेवायचे, खुर्चीच्या बाजूला अदबीने उभे राहायचे आणि मुलांना विचारायचे, "हां, आज पाहुणे कोण?"

मुलं नाव सांगायची. कधी हजरत अबू बक्र, कधी हजरत उमर, कधी अल-बिरुनी. म्हणजे त्या दिवशी ज्यांच्याविषयी शिकायचं, त्यांची ती खुर्ची. पाहुणे बसलेले असताना आपण कसं बसायचं? म्हणून सरांनी सगळी नोकरी उभ्याने केली.

हे मी कुठून बघायचे, तर माझ्या शिलाई मशीनवरून. पनवेलच्या जुन्या वस्तीत शाळेच्या बाजूने एक बोळ जातो, त्या बोळाच्या तोंडाशी माझं दुकान. माझं मशीन आणि नववीच्या वर्गाची खिडकी अगदी समोरासमोर. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. शिवण कुणाकडे शिकले नाही, जुने कपडे उसवून उसवून बघितले. वाचनाचंही तसंच, कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून आलेल्या पेपरांवर. पण बगदाद, मदिना, समरकंद असली गावं मला त्या खिडकीने दाखवली. पासपोर्ट नाही, काही नाही. पायाखाली पायडल, हातात कुणाच्या तरी शर्टाची कॉलर, आणि कान खिडकीत.

शाळा मुसलमान मंडळींच्या ट्रस्टची. मुलं सगळीकडची. कुणाचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलरवर, कुणाचे द्रोणागिरीच्या गोदामात, कुणाची पनवेलच्या बाजारात गादी. सर उरणचे, कोकणी मुसलमान. रोज एसटीने यायचे. त्यांच्या विषयाला शाळेत दिनियात म्हणायचे, धर्माचं शिक्षण. पण नववीत सर त्यात पहिले खलिफा आणि जुने विद्वान शिकवायचे. तास शेवटून दुसरा, दुपारचा, मुलं डब्यावर ताव मारून पेंगायला लागलेली असतात तेव्हाचा. दुसऱ्या कुठल्याही मास्तरला त्या वेळी भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं असतं.

मला तो पहिला दिवस आठवतो. मशीन घरघरत होतं आणि मधूनच सरांचे शब्द कानावर पडत होते. हजरत अबू बक्रांना लोकांनी खलिफा निवडलं, सगळ्यांचे पुढारी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांद्यावर कापडं टाकून बाजाराला निघाले. विकायला! ते मुळात कापडाचे व्यापारी. वाटेत हजरत उमर भेटले, त्यांना नवल वाटलं, कुठे निघालात? तर म्हणे, बाजारात नाही गेलो तर घरचे खातील काय?

"आता सांगा," सर म्हणाले, "तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?"

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. गोष्ट अर्ध्यात सोडायची आणि मुलांना आत ढकलायचं. एक मुलगा ओरडला, "सर, मी कापड विकत घेतलं असतं!" दुसरा म्हणाला, "मी भाव केला असता." वर्ग हसला, सरही हसले. मी मात्र मशीन थांबवून बसले होते. इतका मोठा माणूस आणि आमच्या लाइनीतला!

तास संपल्यावर सर बोळ ओलांडून दुकानात आले. शर्टाचं बटण तुटलं होतं. मी टाके घालत होते आणि ते सहज म्हणाले, "ताई, आज तुमचं मशीन मध्येच थांबलं होतं."

मी म्हटलं, "दोरा तुटला होता."

"हो का," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही भाव करताय."

दुसऱ्या दिवसापासून सर जरा मोठ्याने शिकवायला लागले. मुलांना वाटलं, मागच्या बाकांसाठी.

सगळंच काही त्यांना येत होतं असं समजू नका. चित्रकला तर अगदी बेताची. माणसांची चित्रं ते फळ्यावर काढायचे नाहीत, पण उंट, गलबत, खजुराचं झाड यांचा सोस फार. एकदा उंट काढला. वर्गाने माना तिरक्या करून करून बघितलं.

"सर, म्हैस आहे का?"

"उंट आहे."

"मग उंची कुठे गेली?"

"लांबून आलाय. दमलाय बिचारा," सर म्हणाले आणि त्या म्हशीच्या पाठीवर आणखी एक उंचवटा चढवला. मग तर ते काय दिसायला लागलं, देवच जाणे. मुलं बाकांवर पडून हसत होती. पण त्या उंटावर मदिनेहून काय काय लादून कुठे गेलं, ते त्यांतल्या एकाही पोराने परीक्षेत चुकवलं नाही.

आणि ती शटरची दुपार! ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझ्या दुकानाच्या शटरला गंजून एक भोक पडलं होतं, वाटाण्याएवढं. सरांची नजर त्यावर बरेच दिवस होती. एक दिवस नववीची निम्मी फौज घेऊन आले. "ताई, आज पाहुणे तुमच्याकडे उतरणार आहेत."

"कोण पाहुणे?"

"इब्न अल-हैसम. हजार वर्षांपूर्वीचे. उजेड म्हणजे काय, ते शोधत बसले होते."

मी स्टूल पुढे केलं. सरांनी ते रुमालाने पुसलं, एका बाजूला ठेवलं, शटर खाली ओढलं. दुकानात काळोख. मुलं एकमेकांच्या पायांवर पाय देतायत, कुणीतरी कापडाच्या ढिगावर जाऊन बसलं. सरांनी माझं अस्तराचं पांढरं कापड दोन मुलांना ताणून धरायला लावलं. "आता गप्प. डोळे उघडे ठेवा."

हळूहळू त्या कापडावर आमचा रस्ता उतरला. उलटा! रिक्षा चाकं वर करून चाललेल्या. समोरची कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आली, तर पाटी खाली आणि पाय वर आभाळाला. समोरच्या पानवाल्याने पिचकारी मारली ती वर उडाली. रंगांसकट सगळं, हलतं बोलतं. मी त्या रस्त्यावर आयुष्य काढलंय, पण असा तो कधी बघितला नव्हता.

"आपल्या डोळ्यांतून काही बाहेर जात नाही," काळोखातून सर सांगत होते. "उजेड वस्तूवरून निघतो आणि आत येतो. हे त्यांनी तपासून बघितलं. अशाच अंधाऱ्या खोल्यांमधून. कुणी सांगितलं म्हणून मानलं नाही."

बाहेरून कोळीण ओरडली, "अगं बाय, दुकान बंद करून कुठं गेलीस? माजा ब्लाऊज देतेस का नाय?"

आत सगळे फसकन हसले. मी शटर वर केलं तेव्हा आतून एवढी पोरं बाहेर पडली की ती पाटी सावरत दोन पावलं मागे सरली. "आं? हे काय, ब्लाऊज शिवायला शाला आनलीस का?"

असे सर. आता तुम्ही म्हणाल, सगळं छानच चाललं होतं की. तर चिंता आली स्कूटरवरून.

ट्रस्टला नवे सेक्रेटरी आले. सगळे त्यांना भाई म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, शाळेला नळ, पंखे, सगळं त्यांनीच आणलं. पण त्यांच्या डोक्यात दहावीचा निकाल बसलेला. ते सरांना म्हणाले, "सर, हा तास गणिताला देऊ या. बोर्डात हे येत नाही. अल्जिब्रात पोरं गळतात."

सर म्हणाले, "भाई, अल्जिब्रा हे नाव ज्यांच्या पुस्तकावरून पडलं ते अल-ख्वारिज्मी माझ्याच खुर्चीवर बसतात. त्यांना उठवून त्यांचाच विषय शिकवायचा म्हणता?"

भाई हसले, पण हलले नाहीत. शेवटी ठरलं की गॅदरिंगमध्ये नववीने सरांच्या विषयावर काहीतरी करून दाखवायचं. आईबापांना कळलं पाहिजे की पोरं काय शिकतात. ते जमलं तर तास राहील, नाहीतर नव्या वर्षापासून गणित.

त्या दिवशी सर दुकानात आले ते नेहमीसारखे बोलले नाहीत. उरणहून माझ्यासाठी आणलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "ताई, तास गेला तर मी उभा कुठे राहू?" हसत म्हणाले. पण मी त्यांना ओळखत होते.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. मुख्याध्यापिका मॅडम नाशिकहून नव्याने आलेल्या, भारी उत्साही. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "हजरत उमरांवर काहीतरी बसवतो." काय बसवणार ते सरांचं स्वतःचंच ठरलं नव्हतं. मॅडमनी मोबाइलवर कुठल्याशा राजाचा फोटो शोधून थेट माझ्याकडे धाव घेतली. "मावशी, खलिफांचा ड्रेस. झगमगला पाहिजे!"

मला काय, मी निघालेच. हिरवं मखमल आणलं, गळ्याला जरीची रुंद लेस, बाह्यांना टिकल्या, खाली लोळणारा घेर. इतका मोठा राजा, त्यात कसर कशाला? झगा तयार झाला तसा इस्त्री करून दुकानाबाहेर टांगला. येणारा जाणारा थांबून बघत होता. मी कॉलर ताठ करून बसलेली.

एसटीतून उतरून सर आले. झग्यासमोर थांबले. "ताई, हे कुणाचं?"

"तुमच्या खलिफांचं!"

सर माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आणि मग हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा झग्याकडे बघितलं, पुन्हा हसले. "तौबा, ताई! अहो, हजरत उमरांच्या कपड्यांना ठिगळं असायची. इतक्या मोठ्या मुलुखाचा कारभार करणारा माणूस, आणि अंगात ठिगळाचा सदरा." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे त्यांचं सोंग आमच्यात कुणी घेत नाही. चित्रही नाही काढत. अदब असते ती."

मी कपाळाला हात लावला. झगा खाली काढायला उठले, तेवढ्यात भाईंची स्कूटर बोळात शिरली.

"हे कोण घालणार?" भाईंनी गाडी बंदसुद्धा केली नाही. "हजरत उमर कोण होणार? नाव सांगा मला."

"कुणी नाही, भाई."

"मग हा लटकवलाय कशाला? सगळ्या बाजाराने बघितला. ते नाटक बंद. आणि तासाचंही आता बोलायला नको."

मी म्हटलं, "भाई, चूक माझी आणि मॅडमची आहे, सरांना तर..." पण सरांनी मला हाताने थांबवलं.

"भाई, नाटकात ते दिसणार नाहीत. माझी जबाबदारी."

"दिसणार नाहीत तर नाटक कसलं?"

"तेच बघायला या," सर म्हणाले. भाई गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता खरंच, कसलं?"

त्यांनाही माहीत नव्हतं!

शाळा सुटली तशी नववीची पोरं झगा बघायला आली. त्यात झोया नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ट्रेलर चालवणाऱ्या वडिलांची, बोलायला पट्टीची. मी नको नको म्हणेपर्यंत तिने झगा अंगात चढवला. तिला तो दोन वीत लांब. तशीच आरशासमोर छाती काढून चालली, घेरात पाय अडकला, धडपडली आणि ओरडली, "ए, कुणी आहे का? इथल्या राजाचा महाल कुठाय?"

सगळे हसले. सर हसता हसता एकदम पुढे आले.

"झोया, परत बोल."

"काय, सर?"

"तेच. महाल कुठाय."

ती पुन्हा बोलली. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि माझं स्टूल पुसायला घेतलं. ती त्यांची सवयच झाली होती, डोकं चालायला लागलं की हात काहीतरी पुसायला लागायचे. मग म्हणाले, "बसा सगळे. एक गोष्ट सांगतो. दूरच्या एका बादशहाचा वकील, म्हणजे राजदूत, हजरत उमरांना भेटायला आला..."

गॅदरिंगला मैदान भरलं होतं. उरणहून, गावागावांतून माणसं आलेली. भाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी पडद्याच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभी, कारण झग्याच्या घेराचा मला भरवसा नव्हता.

पडदा उघडला. एका कडेला नारळाच्या झावळ्यांचं खजुराचं झाड. त्याचा बुंधा अर्धा पडद्याआड. झोया आली, मखमली झग्यात, फेटा बांधून, परदेशचा वकील. पहिल्याच पावलाला घेरात अडकली. मी डोळे मिटले. पण पोरीने सावरलं, दिमाखात म्हणाली, "या गावाचे रस्ते आमच्या पोशाखाला पुरत नाहीत!" मैदान हसलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिने पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं, "तुमच्या राजाचा महाल कुठे आहे?" ती मुलगी आमच्या उलव्याकडची, तिने घरच्या बोलीत ठोकून दिलं, "म्हाल? आमच्याकडं म्हाल नाय. राजा पन नाय."

"मग कारभार कोण बघतं?"

"हायत ना एक. आत्ता तर हितनं गेले."

शेळ्या राखणाऱ्याला विचारलं. म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, "ते? काल माझ्या घरी पिठाचं पोतं स्वतःच्या पाठीवरून टाकून गेले. कोण ते मला मागाहून कळलं." वकील चिडत चाललेला, घाम पुसतोय, पहारेकरी शोधतोय, दरवाजा शोधतोय. लोक हसतायत. प्रत्येक जण शेवटी त्या झाडाकडे बोट दाखवायचा. "तिकडे बघा. झाडाखाली झोपलेत."

झोया झाडापाशी गेली. बुंध्याआड वाकून बघितलं.

तिथे कोणी नव्हतं, मला माहीत होतं. पडद्याआड मीच उभी होते! पण ती पोर अशी बघत राहिली की मी नकळत दोन पावलं मागे सरले, जागा करून दिली. मैदानातली माणसं माना उंचावून बुंध्याकडे बघायला लागली. ठरलेलं वाक्य होतं की, यांनी न्याय केला म्हणून यांना पहाऱ्याशिवाय झोप लागते. ते ती बोलली, अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं. आणि त्यानंतर जे केलं ते तालमीत नव्हतं. तिने तो माझा झगमगता झगा अंगातून काढला. घडी केली. काखेत धरली आणि साध्या शाळेच्या कपड्यांत, पाय न वाजवता, झाडाच्या सावलीत जाऊन बसली. कुणी उठायची वाट बघत.

पडदा.

आधी मागून एकच टाळी आली. मग जे काही सुरू झालं! पाठीमागे उभा असलेला एक माणूस, अंगात अजून ड्रायव्हरचे कपडे, दोन्ही हात वर करून वाजवत होता. तो झोयाचा बाप असणार, हे सांगायला नको.

भाई उठून आत आले. सर झाडाच्या झावळ्या सोडवत होते.

"भाई," सरांनी विचारलं, "कुणी दिसलं का?"

भाईंनी झाडाकडे बघितलं. "नाही दिसलं," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पण होते."

सरांनी पुढची झावळी सोडवायला घेतली. भाई जाता जाता वळले. "गणिताचा जादा तास सकाळी घेऊ, शाळेआधी. तुमचा राहू द्या." आणि मला म्हणाले, "ताई, झगा झकास झालाय हां." अशी दाद आम्हा शिंप्यांना फार बरी वाटते.

त्यानंतर काही वर्षांनी सर निवृत्त झाले. शेवटच्या तासाला त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुसली, विचारलं, "आज पाहुणे कोण?" आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "तुम्ही!"

मी खिडकीतून बघत होते. सरांनी रुमालाची उगीच पुन्हा घडी घातली. कान लाल झालेले. पोरांनी खूप आग्रह केला, पण त्या खुर्चीवर बसतील तर ते सर कसले? ते सरळ चालत गेले आणि शेवटच्या बाकावर, दोन मुलांना सरकवून, त्यांच्या मधे बसले. "बरं," म्हणाले, "पाहुण्यांविषयी सांगा मग." आणि पोरांनी सांगितलं. म्हशीसारखा उंट, शटर, एसटीला उशीर झाला म्हणून स्टँडवरून धावत आलेले सर, सगळं. सर पाठीमागच्या बाकावरून हसत होते. एकदा हात वर करून त्यांनी दुरुस्तीही केली. "उंट दमलेला होता."

आता ते उरणला असतात. मधूनच एसटीने येतात, बोंबील देतात, बटण लावून घेतात. बटण तुटलेलं नसतं, मला माहीत आहे. पण नववीच्या खिडकीत ते नाहीत, आणि त्या वेळेला माझे हात उगीच सावकाश चालतात.

नव्या मिस आल्या, तरुण, जरा बुजऱ्या. पहिल्या दिवशी त्या तासाला मी खिडकीत बघितलं. मिस आल्या, हजेरी ठेवली आणि खुर्चीवर टेकल्या. वर्गातून एवढा मोठा "अरे!" आला की माझी सुई कापडातच थांबली. मिस दचकून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"मिस, ती पाहुण्यांची आहे," एक मुलगी म्हणाली.

"कुठल्या पाहुण्यांची?"

मुलं सगळी एकदम बोलायला लागली. ही मुलं सरांच्या हाताखाली शिकलेलीच नव्हती! वरच्या वर्गातल्यांनी यांना सांगितलेलं. मिसनी ऐकून घेतलं. खुर्चीकडे बघितलं. मग पर्समध्ये रुमाल शोधला, सापडेना, तेव्हा ओढणीचं टोक घेतलं आणि पुसायला लागल्या. आधी बैठक, मग पाठ.

"हात राहिले, मिस," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी हातही पुसले. बाजूला उभ्या राहिल्या, आणि त्या हळूच विचारतात, "मग? आज पाहुणे कोण?"

मी पायडलवरून पाय काढला.